घरोघरचा चहा

नवऱ्याचा सदरा बादलीत भिजवण्याआधी सत्यशीला तो नाकाला लावून बघायला लागली होती, हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. घामाचा वास यायचा, गोदामातल्या पोत्यांचा यायचा. खिशात कधी बडीशेपेचे दाणे सापडायचे. ते तळहातावर घेऊन ती मोरीत उभी राहायची. माहेरी वडीगोद्रीला तिचा बापही दारूचा वास मारायला बडीशेप चघळतच घरात शिरायचा.

बाप अण्णासाहेब. गवंडीकामात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता, पण दारूनं खाल्ला. आधी भूक गेली, मग डोळे हळदीसारखे पिवळे झाले, मग पोटात पाणी भरलं. हातपायाच्या काटक्या आणि मध्ये तेवढं पोट. दवाखान्यात चला म्हटलं की म्हणायचा, "तिथं गेलं की समद्याला कळतंय." जसं काही कुणाला कळलंच नव्हतं! शेवटी न्यायचं ठरलं तेव्हा नेण्याजोगं काही उरलं नव्हतं. सत्यशीला तेव्हा शाळेत होती. बापाच्या तिरडीमागं चालतानाच तिनं मनाशी धरलं, की लग्न करीन तर न पिणाऱ्याशी, नाहीतर बिनलग्नाची राहीन.

राजानंद तिला दिसला तो एका नात्यातल्या लग्नात. तो बौद्धाचार्य. लग्न लावणं, नामकरण, मयताचं पुण्यानुमोदन, वस्तीचं सगळं त्याच्या तोंडून व्हायचं. पंचशील देताना पाचव्या शीलाला, म्हणजे दारू न् नशेपासून लांब राहण्याच्या शीलाला, त्याचा आवाज असा खणखणीत लागायचा की मांडवामागं पिऊन बसलेलेही मान खाली घालायचे. त्या आवाजावर विश्वास टाकून ती बदनापूरला नांदायला आली. पोरगी प्रीती झाली, शिकली, पुण्याला नोकरीला लागली. इतक्या वर्षांत त्या विश्वासाला कधी तडा गेला नव्हता.

तडा गेला तो विहारातल्या आरोग्य शिबिरात.

जालन्याहून आलेल्या तरुण डॉक्टरनं राजानंदला बाकावर आडवं केलं, उजव्या बरगडीखाली बोटं रुतवली आणि विचारलं, "घेता का?"

"न्हाई."

"कधीतरी? लग्नाबिग्नात?"

"म्हणलं ना, बिलकुल न्हाई."

"डॉक्टरपासून लपवू नका काका. लिव्हर मोठं लागतंय हाताला."

रांगेत मागं देवानंद उभा होता. राजानंदचा लहानपणचा दोस्त, रिक्षा चालवायचा, जिभेला हाड नसलेला माणूस. तो म्हणाला, "काय भाऊ, मंग लिव्हर कशानं सुजलं? शेंगदाण्यानं?"

रांग खो खो हसली. राजानंदही हसला, पण त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या सत्यशीलाला दिसल्या. पुढच्या आठवड्यात शिबिरवाल्यांचा फोन आला. शिबिरात घेतलेल्या रक्तात लिव्हरचे आकडे वाढलेत, जालन्याला जाऊन पोटाची सोनोग्राफी करून घ्या.

"जाणार न्हाई," राजानंद म्हणाला.

"आहो, असं कसं?"

"जालन्यात मस्तगडला जिथं सोनोग्राफी करत्यात, तिथं देवानंदचा मेव्हणा हाय कामाला. माझा पाय तिथं लागला की वस्तीत डंका. बौद्धाचार्याचं लिव्हर गेलं! उद्या पाचवं शील द्यायला हुबा राह्यलो, तर लोक माझ्या तोंडाकडं बघतील का पोटाकडं?"

सत्यशीलाला बापाचं वाक्य आठवलं.

भीतीचं एक असतं. ती डोळ्यात शिरली की रोजचं माणूस निराळं दिसायला लागतं. आता सत्यशीलाला नवऱ्याचं पोट दिसायला लागलं. पूर्वी तो गोदामात पोती मोजत हिंडायचा, स्टेशनपर्यंत चालत जायचा, तेव्हा अंगानं सडपातळ होता. बियाण्याच्या कंपनीनं गोदामातच संगणकापुढं खुर्ची दिली, स्टेशनला जायला मोटरसायकल आली, तेव्हापासून पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. पोट हे खात्यापित्या घराचं लक्षण, असं सगळे म्हणायचे, तीही म्हणायची. आता त्या पोटाकडं बघितलं की तिला बापाचं पोट दिसायचं.

जेवला की बसल्या जागी त्याची मान कलंडायची. घोरणं तर असं, की भिंतीपलीकडची शेजारीण विचारायची, "वहिनी, गिरणी टाकली का काय घरात?" अंगात दम नाही म्हणायचा. बापही असाच दिवसाढवळ्या डुलायचा.

आणि त्याची मान. मानेच्या घड्यांत काळा पट्टा आला होता, मखमलीसारखा जाडसर. सत्यशीला त्याला मळ समजायची. रविवारी मोरीत बसवून टाचा घासायच्या वजरीनं मान घासायची. कातडी लाल व्हायची, काळं काही निघायचं नाही.

"राहू दे गं," सासू गिरिजाबाई उंबऱ्यातून म्हणायची. म्हातारीला साखरेचा आजार, दोन वेळच्या गोळ्या चालू. "आमच्या घराण्याच्या मानाच तशा. ही बघ माझी. घासून का घराणं बदलतंय?"

तेव्हा सत्यशीला हसायची. आता हसू येत नव्हतं. तिनं एकदा त्याला सरळ विचारायचं ठरवलं. भाकरी वाढता वाढता म्हणाली, "खरं सांगा. काही घेत असाल तर मी भांडणार न्हाई. मला फक्त खरं सांगा."

राजानंदनं हातातला घास ताटात ठेवला. "तू बी?" एवढंच म्हणाला आणि उठून हात धुतले.

त्या दोन शब्दांनी तिला लाज वाटायला हवी होती. पण बापानंही तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती, आणि त्या हाताला तेव्हा वास येत होता. दुधानं पोळलेलं तोंड ताकालाही भितं. ती सदरे हुंगत राहिली.

पावसाळ्यातला वर्षावास चालू होता. त्या महिन्यांत संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन असतं. वाचनाआधी राजानंद घरोघर जाऊन माणसं बोलावून आणायचा. कामावरून आला की हातपाय धुवायचा, पांढरा सदरा घालायचा आणि म्हणायचा, "चक्कर मारून येतो." ही चक्कर कुठवर जाते, हे सत्यशीलानं कधी विचारलं नव्हतं. एका रविवारी दुपार कलल्यावर तो निघाला, तशी तिनं दळणाचा डबा उचलला आणि मागं निघाली. कुणी विचारलंच तर गिरणीला चालले म्हणता येईल.

राजानंद पहिल्या घरात शिरला, थोड्या वेळानं मिशा पुसत बाहेर आला. मग दुसऱ्या, तिसऱ्या. प्रत्येक घरातून मिशा पुसतच यायचा. सत्यशीला लिंबाच्या आडोशाला उभी. मग तो वस्ती सोडून गावाच्या अंगाला वळला. कोपऱ्यावर देशी दारूचं दुकान. तिथं देवानंदची रिक्षा उभी. राजानंद थांबला. देवानंदनं त्याच्या खांद्यावर हात टाकला, दोघं काहीतरी बोलून हसले, आणि दोघंही दुकानाच्या मागच्या बोळात गेले.

सत्यशीलाला पळत परत जावं असं वाटलं, कारण जे बघितलं नाही ते खरं नसतं. पण पाय पुढंच गेले.

बोळाच्या टोकाला सोमेश्वरचं घर होतं. जुने जमीनदार, पाण्याखालची शेती, मोठं अंगण. तिथून माणसांचा आवाज येत होता. फाटक अर्धं उघडं. आत खुर्च्या टाकलेल्या, सोमेश्वर, देवानंद आणि मध्ये राजानंद. त्याच्या हातात स्टीलचा पेला. त्यानं मान मागं टाकून पेला रिकामा केला, आणि सोमेश्वर म्हणाला, "आणखी घ्या भाऊ. हे काय घेणं झालं!"

सत्यशीला आत कधी गेली ते तिचं तिलाच कळलं नाही. डबा हातातून पडला, ज्वारी अंगणभर पसरली. "काय पिऊन राह्यले? दाखवा! काय हाय त्या पेल्यात?" तिनं नवऱ्याच्या हातातून पेला हिसकला आणि नाक आत घातलं.

वेलदोड्याचा वास आला. पेल्याच्या तळाला न विरघळलेली साखर बोटभर साचली होती.

स्वयंपाकघराच्या दारात सोमेश्वरची आई नंदाबाई पातेलं घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, चहा हाय गं. दूध घट्ट टाकलंय, साखर बी हात सैल सोडून टाकलीय. तुझ्या मालकाला आमच्या घरचा गोडच लागतो."

देवानंद खाली बसून ज्वारी गोळा करायला लागला.

परत येताना राजानंद पुढं, सत्यशीला मागं. विहिरीपाशी आल्यावर तो थांबला. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो हळू बोलला.

"सोमेश्वर बियाण्याचं विचारायला बोलावतो मला. कपाशी कोणती लावू, काय करू. त्याचा आजा रखमाजी. माझा बाप त्या घरी सालदार होता. ठाऊक हाय ना?"

"ठाऊक हाय."

"बापाचा कप गोठ्याच्या वळचणीला अडकवलेला असायचा. कान तुटका. चहा वरून वतायचे. पिऊन झाला की बापानंच इसळायचा, तिथंच अडकवायचा. पाणी तर वरूनच, वंजळीत. मी लहान होतो, बघितलंय. बाप मरताना मला म्हणाला, 'पोरा, कुणी घरात बसवून चहा दिला तर न्हाई म्हणू नको. त्या चहासाठी लई माणसं झिजली.' आता त्याच घरात मला खुर्ची देत्यात, नंदाबाई स्वतः चहा आणत्यात. न्हाई म्हणू? आणि आपल्या वस्तीत? मी दक्षिणा घेत न्हाई, कुणाचं काही घेत न्हाई. एक चहा घेतो. एकाच्या घरी घेतला आणि दुसऱ्याच्या घरी न्हाई, तर दुसरा म्हणंल आमच्यात काय कमी? आज कुणाच्या घरचा चहा टाळला तर बाप आठवतो मला."

"आणि बडीशेप?"

"लग्नाच्या पंगतीत देत्यात. तुला काय वाटलं?"

सत्यशीला विहिरीच्या कठड्यावर बसली. ओझं उतरायला हवं होतं. दारू नव्हती. पण उतरलं नाही, उलट जड झालं. दारू नव्हती, मग लिव्हर का मोठं झालं? शत्रू दिसत होता तोवर त्याच्याशी भांडता तरी येत होतं.

"आहो," ती म्हणाली, "माझा बाप प्याला आणि लोकांना भिऊन दवाखाना टाळला. तुम्ही न पिता टाळून राह्यले. वाट निराळी, मसणवाटा एकच. मी एकदा तिरडीमागं चाललेय. आता पुन्यांदा चालायचं बळ न्हाई माझ्यात."

राजानंद कठड्यावर तिच्याशेजारी बसला. मग म्हणाला, "जालन्याला न्हाई जायचं. इथल्या डॉक्टरीणबाईकडं येतो."

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला नाही. बदनापुरातल्या डॉक्टरीणबाई वयानं पोक्त, गावचीच लेक. त्यांनी पोटाला हातही लावला नाही. आधी म्हणाल्या, "जरा वळा, मान बघू."

काळ्या पट्ट्यावरून बोट फिरवून विचारलं, "घरात कुणाला साखरेचा आजार?"

"आईला."

"काम बसून? चालणं किती? घोरता? जेवल्यावर झोप अनावर होते? दिवसात चहा किती?"

पहिल्या प्रश्नांना राजानंदनं मान हलवली. चहाचा आकडा काही जुळेना. "मोजून सांगता यायचं न्हाई," तो म्हणाला.

बाईंनी कमरेभोवती टेप गुंडाळली, आकडा बघून ओठ मुडपले, शिबिरातले रक्ताचे आकडे वाचले. "हे बघा. लिव्हर म्हटलं की लोकांना दारू आठवते. काही डॉक्टरांनाही तीच आठवते. पण दारूचा थेंब न घेणाऱ्याच्या लिव्हरमध्येही चरबी साठते. गोड जास्त, हिंडणं कमी, पोट सुटलेलं, घरात साखरेचा आजार, अशा माणसाला धोका जास्त. आणि मानेवरचं हे काळं म्हणजे मळ नव्हे. आतलं साखरेचं गणित बिघडत चाललं की कातडी आधी सांगते."

सत्यशीलानं स्वतःच्या हाताकडं बघितलं. त्याच हातानं किती रविवार वजरी फिरवली होती. अंग ओरडून सांगत होतं आणि ती ते घासून पुसायला बघत होती.

"म्हणजे दारूवाल्यासारखं न्हाई ना बाई?" तिनं विचारलं. "पोटात पाणी, डोळे पिवळे, तसलं काही न्हाई ना?"

बाईंनी रक्ताच्या आकड्यांचा कागद घडी करून ठेवला. 

"सगळ्यांचं तसं होत नाही," त्या म्हणाल्या. "पण दुर्लक्ष केलं तर काहींचं लिव्हर कडक होत जातं, आणि मग शेवट तोच होऊ शकतो. आत्ता यांचं नेमकं काय आहे, कुठवर आलंय, ते सोनोग्राफीशिवाय मी सांगणार नाही. अंदाजानं धीर देणार नाही आणि भीतीही घालणार नाही. एवढं सांगते, लवकर कळलं तर बरेचदा मागं फिरवता येतं. दुखत नाही म्हणून लोक थांबतात, तिथंच फसतात. उद्या सकाळी उपाशीपोटी जालन्याला जा. पाणी चालेल. चहा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं घरातून निघाले. मोटरसायकल राजानंदनं काढली नाही. "स्टेशनला चालत जाऊ," म्हणाला. वाट गावातून जायची. बोळाच्या तोंडाशी सोमेश्वर दात घासत उभा, आणि बाजूला देवानंद रिक्षा पुसत होता.

"भाऊ, या या! परवा वहिनींमुळं दुसरा चहा राहिला," सोमेश्वर हसून म्हणाला. "आई, भाऊ आले गं! चहा टाक."

राजानंदचं पाऊल अडखळलं. सत्यशीलानं त्याच्याकडं बघितलं. त्याची नजर फाटकाआडच्या खुर्चीवर होती. सोनोग्राफीला तो भीत होता ते तिला ठाऊक होतं. पण ही भीती त्याहून जुनी होती, कानतुटक्या कपाएवढी जुनी. तो आत जाईल, पेला तोंडाला लावेल, आणि उपास मोडला म्हणून आज जाणं राहील. मग उद्याही राहील. तिच्या बापाचंही असंच राहिलं होतं.

ती वाटेच्या कडेला सरकून उभी राहिली. बोलायची वेळ तिची नव्हती.

राजानंद फाटकातून आत गेला. अंगणातल्या त्याच खुर्चीवर बसला. नंदाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"नंदाबाई, चहा नको," तो म्हणाला. पाचवं शील देणारा तो खणखणीत आवाज नव्हता. "राग धरू नका. तुमच्या घरचा चहा मला लई मोलाचा. पण माझं लिव्हर बिघडलंय. दारूनं न्हाई, गोडानं. जालन्याला दाखवायला चाललो. मला पाणी द्या. तुमच्या माठातलं."

नंदाबाई थबकल्या. त्या घरात सून म्हणून आल्या तेव्हा वळचणीचा तो कप त्यांनीही बघितला असणार. त्या आत गेल्या आणि तांब्या-भांडं घेऊन आल्या. राजानंदनं भांडं हातात घेतलं, ओठाला लावलं आणि घोट घोट करत सगळं पाणी प्याला. सोमेश्वरला त्यात काय एवढं ते कळलं नाही. तो म्हणाला, "अहो, मग बिनसाखरेचा टाकू की परतल्यावर. त्यात काय!"

"टाक," राजानंद म्हणाला. "येतो परत."

देवानंद फडकं खांद्यावर टाकून फाटकात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. सत्यशीलाला वाटलं, आता हा काहीतरी बोलणार. तो स्वतःच्या सुटलेल्या पोटाकडं बघत म्हणाला, "भाऊ, गोडानं बी होतंय? मंग मी तर दोन्ही बाजूनं मेलो." आणि कुणी हसलं नाही तसा म्हणाला, "बसा रिक्षात. स्टेशनपर्यंत सोडतो."

"नको," राजानंद म्हणाला. "चालत जातो."

मस्तगडच्या त्या केंद्रात बाकावर गर्दी होती. देवानंदचा मेव्हणा खिडकीत बसला होता. त्यानं राजानंदला ओळखलं, "जय भीम" केला, नाव मोठ्यानं पुकारलं. चारजणांनी वळून बघितलं. राजानंद उठला. पडद्याआड जाताना त्यानं मागं वळून सत्यशीलाकडं एकदा पाहिलं, आणि तिला शाळेच्या पहिल्या दिवशीची प्रीती आठवली.

पडदा पातळ होता. आतलं ऐकू येत होतं.

"सदरा वर घ्या," आतला डॉक्टर म्हणाला. "हं. दारू?"

सत्यशीलानं बाकाची कड घट्ट धरली.

"न्हाई," राजानंदचा आवाज आला. आता तो खणखणीत होता, बाहेरच्या बाकापर्यंत पोचेल असा. "चहा लई झाला, साखरेचा. आईला साखर हाय. बसून काम. आणि माझी मान बी बघा साहेब, काळी पडलीय. जे हाय ते समदं बघा."

मग आतून मशीनचा बारीक आवाज यायला लागला. बाकावरच्या एका बाईनं विचारलं, "कोण आहेत तुमचे?" "मालक," सत्यशीला म्हणाली. तिचे डोळे पडद्याखालून दिसणाऱ्या नवऱ्याच्या चपलांवर होते. त्या चपलांना वाटेतली माती लागली होती. माती ताजी होती, आज चालत आल्याची, आणि सत्यशीला त्या मातीकडंच बघत राहिली.